आधी पॅकिंग शेडमधल्या ॲप्रनवर : पेसोला एक खुलं पत्र

प्रति,
मा. मुख्य विस्फोटक नियंत्रक,
पेट्रोलियम व विस्फोटके सुरक्षा संघटना (पेसो), नागपूर

प्रत माहितीसाठी : औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, महाराष्ट्र

विषय : स्फोटकांची वाफ ओळखणाऱ्या छापील, लवचीक सेन्सरची चाचणी विदर्भातल्या कारखान्यांत, कामगारांच्या अंगावरच्या कपड्यांवर घेण्याबाबत

महोदय,

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान आहे. लग्नपत्रिका, कापडी पिशव्या, बचत गटांच्या पापड-लोणच्यांची लेबलं, आणि निवडणूक लागली की टोप्या-गमछे. फ्लेक्सवाले आल्यापासून धंदा अर्ध्यावर आला, पण ते रडगाणं इथं गायचं नाही. रसायनशास्त्रात बीएस्सी केली होती. ती आता शाईत रिटार्डर (शाई सावकाश सुकवणारं द्रव्य) किती टाकायचं एवढं ठरवण्यापुरती कामाला येते. वाचन मात्र सुटलेलं नाही. काही वर्षांपासून एक विषय धरून ठेवलाय. हवेतली स्फोटकांची वाफ ओळखणारे सेन्सर आता छापता येतात, आणि ज्या पद्धतीनं मी पत्रिका छापतो जवळपास त्याच पद्धतीनं. फ्रेमवर ताणलेली जाळी, त्यावर स्टेन्सिल, वरून शाई आणि स्क्विजीचा, म्हणजे शाई ओढायच्या रबरी पात्याचा, एक हात.

आपल्याला लिहायचं कारण हे की ज्या स्फोटकांसाठी हे सेन्सर बनतात, त्यांच्या पॅकिंगला आमच्या भागातल्या बायका रोज कंपनीच्या बसनं जातात. परवाना आपल्या संघटनेचा, मुख्यालय नागपुरात, कारखाने नागपूरच्या भोवती. तरीही या सेन्सरबद्दल जे काही वाचायला मिळतं त्यात विमानतळ असतो, सीमा असते, मेट्रो स्टेशन असतं. स्फोटकं हाताळणारी बाई कुठंच नसते.

सेन्सर कसा असतो ते थोडक्यात सांगतो. आपल्याला ठाऊकच आहे, पण पत्र खुलं आहे, गावातले लोकही वाचतील. पातळ प्लास्टिकवर, कागदावर किंवा कापडावर वीज वाहून नेणाऱ्या शाईनं बारीक रेषा छापतात. दोन कंगवे समोरासमोर धरून दात एकमेकांत घालावेत पण टेकू देऊ नयेत, तशी त्यांची रचना. दातांमधल्या फटीवर एक खास थर देतात. कधी कार्बन नॅनोट्यूबचा (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचा), कधी वीजवाहक पॉलिमरचा. टीएनटीसारख्या स्फोटकांच्या रेणूंवर नायट्रो गट, म्हणजे नायट्रोजन-ऑक्सिजनच्या जोडण्या, असतात आणि ते इलेक्ट्रॉनचे भुकेले. असा रेणू त्या थरावर येऊन बसला की थराचा विद्युत रोध बदलतो, आणि तो बदल मोजायचा. दुसरी एक पद्धत प्रकाशाची. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये टिमोथी स्वॅगर यांच्या गटानं १९९८ मध्ये असे चमकणारे पॉलिमर दाखवले, ज्यांची चमक टीएनटीच्या वाफेनं विझते. कॅलिफोर्नियात सॅन दिएगोला जोसेफ वांग यांच्या गटानं २०१०च्या सुमारास चक्क कापडावर स्क्रीन प्रिंटिंगनं इलेक्ट्रोड छापून नायट्रो स्फोटकं ओळखून दाखवली. स्वॅगर यांच्याच गटानं २०१४ मध्ये बिनबॅटरीच्या एनएफसी पट्टीवर (मोबाइल जवळ नेला की वाचता येते ती) नॅनोट्यूबचा थर देऊन ती साध्या मोबाइलनं वाचली; त्यांनी अमोनियासारख्या वायूंवर ते करून दाखवलं होतं. आपल्याकडे आयआयटी मुंबईत रुजलेलं नॅनोस्निफर हे स्फोटकशोधक यंत्र २०२१ मध्ये बाहेर आलं. ते छापील नाही, सूक्ष्म पट्टीचं आहे, पण वास घ्यायचं काम तेच. पुण्याच्या एचईएमआरएल या डीआरडीओच्या स्फोटक-संशोधन प्रयोगशाळेनं तर रंग बदलून स्फोटक ओळखणारा किट त्याच्या कितीतरी आधी बनवला. म्हणजे विद्या देशात आहे. ती नागपूरपासून चाळीस किलोमीटरवर पोचवायची आहे.

आता नेमकं कुठं, ते सांगतो.

१७ डिसेंबर २०२३ ला नागपूरजवळ बाजारगावच्या स्फोटकांच्या कारखान्यात स्फोट झाला, ९ माणसं गेली, त्यात बायकाच जास्त होत्या. जून २०२४ मध्ये नागपूरजवळच्याच धामण्यातल्या कारखान्यात झाला. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत ८ जण गेले. प्रत्येक वेळी चौकशी, भरपाई, नेत्यांच्या गाड्या. मी काही असा दावा करणार नाही की छापील सेन्सर असता तर हे स्फोट टळले असते. घर्षण, आघात, स्थिर विजेची ठिणगी, तापमान, यंत्रातला बिघाड अशा कारणांनी असे अपघात होतात, आणि वाफ ओळखणारी पट्टी त्यातलं काहीच थांबवत नाही. कुणी विक्रेता आपल्याला तसं सांगत आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

माझा मुद्दा स्फोट न होणाऱ्या दिवसांचा आहे.

आमच्या गल्लीतली एक वहिनी कारखान्यात जाते. कोणत्या ते लिहीत नाही, तिची रोजी आहे. पिशव्यांची ऑर्डर घेऊन माझ्याकडे आली तेव्हा पैसे मोजताना तिचे तळवे दिसले. हळदीचा पिवळा वेगळा असतो, तो नखांच्या कडेला लालसर होत जातो. हा तसा नव्हता. बोटांच्या पेरांत, रेषारेषांत मुरलेला, मळकट पिवळा. मी विचारलं तर म्हणाली, "काही नाई जी भाऊ, मालाचा रंग आहे. साबणानं जात नाई. सुट्टीवर राहिलं का आपोआप जाते." मग जराशानं म्हणे, "डोकं मात्र लई दुखते. डॉक्टर म्हणते रक्त कमी आहे. रक्त तं सगळ्याच बायांचं कमी आहे ना."

शेवटचं वाक्य खरंच आहे, आणि घोळही तिथंच आहे. विदर्भातल्या गावात रक्त कमी असलेली बाई कुणाच्या नजरेत भरत नाही. टीएनटी कातडीतून आणि श्वासातून शरीरात जातं, यकृत खराब करतं, कावीळ करतं, रक्त तयार व्हायची प्रक्रिया बिघडवतं, जास्त झालं तर ओठ निळे पडतात, वर्षानुवर्षं राहिलं तर डोळ्यांत मोतीबिंदू येतो. हे सगळं जगाला पहिल्या महायुद्धापासून माहीत आहे. ब्रिटनमधल्या दारूगोळा कारखान्यांत काम करणाऱ्या मुलींची कातडी इतकी पिवळी पडायची की लोक त्यांना कॅनरी म्हणायचे. आपल्याही कायद्यानं ते कधीच मान्य केलं. २०२५पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे सरकारला कळवायच्या रोगांच्या यादीत, बेंझीन आणि त्याच्या कुळातल्या द्रव्यांच्या नायट्रो संयुगांची (टीएनटी त्यातलंच) विषबाधा होती, विषारी कावीळही होती. डॉक्टरला असा रुग्ण दिसला तर त्यानं कळवलं पाहिजे. पण तालुक्याच्या दवाखान्यात बाई सांगते अशक्तपणा, डॉक्टर लिहितो लोहाच्या गोळ्या. तिच्या अंगावर किती माल बसतो हे मोजणारं कुणी नाही, मग डॉक्टर तरी काय जोडणार?

इथं ही छापील पट्टी कामाची आहे.

संशोधक मंडळी या सेन्सरचा एक दोष नेहमी सांगतात. नायट्रो रेणू थराला चिकटले की सहज सुटत नाहीत, त्यामुळे सेन्सर पूर्वपदावर यायला वेळ लागतो, कधी येतच नाही. विमानतळावर हा दोषच, कारण पुढची बॅग वाट बघत असते. पण आठ तासांच्या पाळीत एकूण किती बसलं हे मोजायचं असेल तर चिकटून राहणारी पट्टीच हवी. एक्स-रे काढणाऱ्या टेक्निशियनच्या छातीवर बिल्ला असतो, तो ठरावीक मुदतीनं तपासला जातो, त्याच्या नावानं नोंद राहते. किरणोत्साराला जे लागू, ते टीएनटीला का नको? पाळीच्या सुरुवातीला नवी पट्टी, पाळी संपली की वाचायची आणि टाकायची. छपाईच्या जोरावर ती इतकी स्वस्त होऊ शकते की टाकताना जीवावर येणार नाही. दहा हजार पट्ट्या म्हणजे माझ्यासारख्याच्या दुकानाला दोन-तीन दिवसांचं काम. वरचा रासायनिक थर अर्थात प्रयोगशाळेनं द्यायचा.

थोडं आकड्यांचंही बोलू. २५ अंशाला बंद डब्यात टीएनटी ठेवलं तर त्यावरच्या हवेत त्याची वाफ एक अब्ज भागांत पाच ते दहा भाग, एवढीच. आरडीएक्सची त्याच्याही हजारपटीनं कमी. अमेरिकेतल्या एसीजीआयएच या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संस्थेनं कामाच्या जागी टीएनटीची मर्यादा घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम सुचवली आहे, म्हणजे साधारण अब्जात अकरा भाग. बघितलंत? थंड शेडमध्ये नुसत्या वाफेनं ती मर्यादा गाठणंही अवघड. पण आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये थंड काय असतं? ४५ अंशाला तीच वाफ दहा पटींहून जास्त होते. आणि बूस्टर (मुख्य स्फोटकाला पेटवणारा मधला गोळा) ओतताना टीएनटी ८० अंशांच्या वर वितळवतात, तिथं ती शेकडो पट. त्यात धूळ मिळवा आणि कातडीला होणारा स्पर्श मिळवा. म्हणून म्हणतो, भिंतीवर एक महागडं यंत्र टांगून भागणार नाही. मोजमाप बाईच्या अंगावर व्हायला हवं: एक पट्टी छातीशी, एक मनगटापाशी.

या पट्टीत माझ्या धंद्याच्या नजरेनं मला काही अडचणी दिसतात. संशोधकांच्या लेखांत त्या क्वचितच येतात, कारण प्रयोगशाळेत वातानुकूलन असतं आणि कुणी डिटोनेटर भरत नसतं.

पहिली, प्लास्टिक. बहुतेक छापील सेन्सर पॉलिस्टरच्या किंवा पॉलिइमाइडच्या फिल्मवर असतात. स्फोटकांच्या शेडमध्ये नायलॉनची साडी नेसून येऊ देत नाहीत, सुती कपडेच लागतात, स्थिर वीज साठू नये म्हणून. मग त्याच सुती ॲप्रनवर प्लास्टिकची पट्टी चिकटवायची म्हणजे काय? पट्टी सुती कापडावरच छापा. कापूस आमच्याकडे भरपूर आहे, त्याचा भाव हा वेगळा विषय. दुसरी, चांदी. चांगली वीजवाहक शाई म्हणजे चांदीची, सगळे तीच वापरतात. पण डिटोनेटरमध्ये लेड अझाइड हे जरा धक्क्यानं उडणारं स्फोटक असतं, आणि अझाइडजवळ तांबं येऊ देत नाहीत हे आपल्याच निरीक्षकांना रोज बघावं लागत असेल. चांदीचं अझाइडही तितकंच भडक. तेव्हा त्या विभागात शाई कार्बनचीच हवी, रोध थोडा वाढला तरी चालेल. तिसरी, बॅटरी आणि मोबाइल. दोन्ही शेडच्या आत नकोतच. पट्टी आत मुकी राहावी, आणि पाळी सुटल्यावर कपडे बदलायच्या खोलीत, शेडपासून दूर, ती वाचली जावी. पेट्रोलच्या ठिकाणच्या ज्वालारोधक उपकरणांना मंजुरी तुम्हीच देता, तेव्हा यातलं बारीकसारीक मी सांगण्याची गरज नाही.

चौथी अडचण मी स्वतः बघितली आहे. आयटीआयमधल्या एका मित्राबरोबर ग्रॅफाइटच्या शाईनं पिशवीच्या कापडावर असाच कंगवा छापला आणि मल्टिमीटर लावला. उन्हाळ्यात दुपारी शाई जाळीतच सुकते, जाळी चोक होते, रेषा मधे तुटक येते. पावसाळ्यात उलटं, कापूस दमट होतो, धागा फुगतो आणि काहीही न करता काटा सरकतो. नुसतं पट्टीवर फुंकर मारली तरी आकडा बदलायचा. म्हणजे ओल कुठली आणि टीएनटी कुठलं हे एका कंगव्याला कळणार नाही. शेजारी दुसरा तसाच कंगवा छापून त्यावर वाफ न शिरणारं झाकण द्यावं लागेल आणि दोघांतला फरक वाचावा लागेल. हात बदलला की स्क्विजीचा दाब बदलतो, शाईचा थर जाड-पातळ होतो, हेही धरून प्रत्येक गठ्ठ्यातल्या काही पट्ट्या आधी तपासून घ्याव्या लागतील.

आणि मग आमची हवा. स्फोटकांत वापरलं जाणारं अमोनियम नायट्रेट ओळखायला अमोनियाचा सेन्सर लावला, तर बाई पहाटे गोठ्यातलं शेण-गोमूत्र काढून आली आहे, तिच्या पदरालाच अमोनिया आहे. जुलैत तिनं सुट्टीच्या दिवशी सोयाबीनच्या वावरात काम केलं असेल, तिथं पेरणीनंतर पेंडिमेथालिन मारलेलं असतं. हे तणनाशक स्वतःच नायट्रो गटांचं, टीएनटीच्या नात्यातलं, आणि रंगही पिवळाच. सेन्सरनं त्याला स्फोटक समजलं तर सेन्सरचा काय दोष? स्वस्त अगरबत्तीत आणि अत्तरात कस्तुरीसारखा जो कृत्रिम वास असतो, तोही पुष्कळदा नायट्रो संयुगांचा. तो सापडलाच मुळी १८८८ मध्ये, आल्बर्ट बाउर नावाचा जर्मन रसायनशास्त्रज्ञ टीएनटीसारख्या द्रव्यांवर काम करत असताना. सकाळी देवापुढं उदबत्ती लावून निघालेल्या बाईचा ॲप्रन गेटवरच ओरडायला लागेल. (एका अर्थानं यंत्र बरोबरच ओरडतंय, पण सुपरवायझरला हे कोण समजावणार!) म्हणून पट्टी कारखान्यात, धुतलेल्या ॲप्रनवर लागली पाहिजे, घरून आणलेल्या कपड्यांवर नाही. आणि तिची चाचणी बंगळुरूच्या किंवा पुण्याच्या हवेत करून चालणार नाही. चंद्रपूरच्या मे महिन्यात आणि भंडाऱ्याच्या श्रावणात करा. नागपुरात नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, व्हीएनआयटी हे अभियांत्रिकी शिक्षणाचं केंद्र आहे. लांब जायचं कामच नाही.

हे पत्र वाचून कुणी म्हणेल, विदर्भात स्फोटकं म्हटलं की आधी गडचिरोली. बरोबर आहे. १ मे २०१९ ला कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याच्या रस्त्यात पुरलेल्या सुरुंगानं १५ पोलीस आणि त्यांचा चालक गेला, ते या भागात कुणी विसरलेलं नाही. पण डब्यात भरून, आवळून, जमिनीत पुरलेल्या स्फोटकाची वाफ वर येते ती फारच थोडी. कोरडी माती तर ती धरूनच ठेवते, ओल झाल्यावर जरा सोडते. अशा ठिकाणी छापील पट्टीच्या भरवशावर जवानाला पाऊल टाकायला सांगणं मला पटत नाही. कुत्रा आणि माणसाची नजर तिथं अजून वरचढ आहे. या धंद्यात फसवणूक किती भयंकर होते हे इराकनं भोगलंय. एडीई ६५१ नावाचं, आत काहीही नसलेलं, अँटेना लावलेलं हँडल बॉम्बशोधक म्हणून विकलं गेलं, बगदादच्या नाक्यांवर सैनिक ते हातात धरून उभे राहिले. विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिकला २०१३ मध्ये ब्रिटिश कोर्टानं १० वर्षांची शिक्षा दिली, पण तोवर नाक्यांवरून बॉम्ब भरलेल्या गाड्या निघून गेल्या होत्या. आपल्याकडे कुणी अशी पट्टी विकायला आणली तर कारखाना असो की पोलीस, कुठंही वापरण्याआधी तिची उघड चाचणी व्हावी. चाचणी घेणाऱ्याला कोणत्या पट्टीपुढं खरा माल आहे आणि कोणत्यापुढं पेंडिमेथालिन, हे आधी माहीत नसावं.

आपल्याकडून काय उत्तर येऊ शकतं याचा मला अंदाज आहे. कामगारांचं आरोग्य हा विषय राज्याच्या संचालनालयाचा, पेसो परवाना आणि स्फोटक सुरक्षा बघते. म्हणूनच प्रत त्यांनाही पाठवली आहे. पण शेडमध्ये काय न्यायचं आणि काय नाही, हे तुमच्या परवानगीशिवाय ठरत नाही. संचालनालयानं उद्या पट्टी लावा म्हटलं तर कारखाना तुमच्याकडे बोट दाखवेल, आणि तुम्ही गप्प राहिलात तर संचालनालयाकडे. दोघांनी एका टेबलावर बसून एक कारखाना निवडावा, बूस्टर आणि पॅकिंगचे विभाग घ्यावेत, वर्षभर पट्ट्या लावाव्यात आणि त्याच बायकांच्या रक्ताची तपासणी सोबत करावी. पट्टीचा आकडा आणि रक्ताचा आकडा शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय पट्टी कामाची की बिनकामाची, ते कळणार नाही.

एक अट मात्र आधीच लिहून घ्या, कारण ती राहिली तर सगळं उलटं पडेल. या बायका बहुतेक ठेकेदाराकडच्या आहेत. पट्टीवर आकडा जास्त आला की ठेकेदार सगळ्यात सोपं काम करेल: "उद्यापासून येऊ नको." मग पुढच्या हप्त्यापासून बायका पट्टी पदराखाली झाकून ठेवतील, आणि त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. आकडा जास्त आला तर शेडचं वायुवीजन, हातमोजे आणि धूळ ओढणारे पंखे तपासायचे. बाईला पगार न कापता दुसऱ्या विभागात हलवायचं. हे चाचणीच्या आदेशातच असावं. आणि आकडा तिला मिळावा, तिच्या नावाच्या कार्डावर, मराठीत, म्हणजे तालुक्याच्या डॉक्टरपुढं ती ते कार्ड ठेवू शकेल.

कापडावर कार्बनच्या शाईनं छापण्याच्या कामात हात लावायला मी तयार आहे. जाळी कोणत्या नंबरची, रिटार्डर किती, ओल्या हवेत सुकवायचं कसं, हे माझ्याकडून कुणीही विचारून घ्यावं. पैसे नकोत, शाई तेवढी तुम्ही द्या, ती महाग आहे. वहिनीला हे पत्र वाचून दाखवलं. तिनं एवढंच विचारलं की पट्टी ॲप्रनसोबत धुतली तर चालेल का. याचं उत्तर मला माहीत आहे, चालणार नाही; पण ॲप्रन धुतात कोण, कारखाना की बाई आपल्या घरी, मुलांच्या कपड्यांसोबत, हा प्रश्न तुमच्या पुढच्या तपासणीच्या यादीत घाला.

कळावे,
आपला,
एक स्क्रीन प्रिंटर
जिल्हा वर्धा